सरकारी कोडच्या डोक्यावरच्या दोन ओळी

मा. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

सरकारी अ‍ॅप्लिकेशनचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) खुला करण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्येच आणले. मे २०२० मध्ये आरोग्य सेतूचा अँड्रॉइड कोड अपाचे २.० या खुल्या लायसन्सखाली (कोड वापरण्याच्या परवानगीच्या मजकुराखाली) बाहेर आला. प्रश्न उरतो तो फायलींचा. मुख्य फोल्डरमध्ये एमआयटी हे मोकळ्या वापराचे लायसन्स, आणि आतल्या फायलींवर कंत्राटदाराच्या टेम्पलेटमधून आलेले ‘सर्व हक्क राखीव’, असा कोड कोणीही शहाणा माणूस वापरणार नाही. खरे काय धरायचे?

उपाय दोन ओळींचा आहे. फायलीच्या सुरुवातीला कॉमेंटमध्ये (संगणक वगळतो अशा टिपेत) एक ओळ हक्कधारकाची: वर्ष आणि नाव. दुसरी एसपीडीएक्स लायसन्स-ओळख, म्हणजे लायसन्सचे ठरलेले छोटे नाव. लिनक्स कर्नल (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) २०१७ पासून हीच वापरते. जीपीएल हे खुले लायसन्स असेल तर ‘फक्त आवृत्ती २’ की ‘२ किंवा पुढची’ हे तिथेच लिहावे, कारण ‘फक्त २’ असलेला कोड अपाचे २.० च्या कोडशी जोडून वाटता येत नाही.

नाव कोणाचे? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर सरकारी कामाचे पहिले मालक सरकार. म्हणून आधी करार वाचावा, मग नाव टाकावे.

मुदतीची मेख मात्र फारशी कोणी पाहत नाही. याच कायद्याच्या कलम ३०अ मुळे, हक्क दुसऱ्याच्या नावे करण्याचे कलम १९ लायसन्सलाही लागू होते. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत! एमआयटीच्या मजकुरात दोन्हींचा उल्लेख नाही. अपाचे २.० मध्ये ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द स्पष्ट आहेत. सरकारी कोडसाठी आम्ही तेच सुचवू.

दुसऱ्याची फाईल घेतली तर त्याची कॉपीराइट ओळ खोडून खात्याचे नाव टाकू नये. जुनी ठेवून खाली आपली जोडावी. जावास्क्रिप्ट (वेबपानांच्या भाषेतला) कोड आकसून लहान करणारी साधने कॉमेंट उडवतात, त्यात ही ओळही जाते. कॉमेंटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह दिले तर बहुतेक साधने ती राखतात.

निविदेत एक अट घालावी. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपच्या ‘रियूज’ या मोफत साधनाची ‘लिंट’ आज्ञा चालवली की माहिती नसलेल्या फायलींची यादी मिळते. ती यादी रिकामी येईपर्यंत कंत्राटदाराचे शेवटचे बिल पास करू नये.

आपले,
काही मराठी प्रोग्रामर