मामा, त्या पहिल्या नळीबद्दल

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही तालुक्याच्या हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांचा आम्ल-आम्लारीचा प्रयोग फसतो, ही काही तुमची जबाबदारी नव्हती. तरी शनिवारी दुपारी, भर उन्हात, पिशवीत बॅटरीत भरायच्या पाण्याची बाटली घेऊन आलात. आभार तोंडी मानले, पण तेवढ्याने समाधान होईना, म्हणून हे पत्र.

जास्वंदीचा अर्क लिंबात गडद गुलाबी आणि चुन्याच्या निवळीत हिरवा व्हायला हवा, हे सगळ्यांना पाठ आहे. इथे तो गाळतानाच निळसर, मळकट दिसायचा. ताकात जेमतेम फिका जांभळा. ज्यांनी मार्गदर्शन करायचं, त्यांच्यातल्या एकाने फुलाला दोष दिला, दुसऱ्याने पोरांना. "अजून उकळा," असंही सांगून झालं. एकानेही बोअरचं पाणी भरलेल्या बादलीकडे पाहिलं नाही. वर आम्ल ओळखायच्या लिटमस कागदाच्या दमट, एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या देऊन विषय संपवला.

तुम्ही आलात आणि स्टँडमधली पहिली नळी रिकामी ठेवायला लावलीत. त्या नळीत नुसतं बोअरचं पाणी घेतलंत, त्यावर तुमच्या पाण्यात काढलेल्या अर्काचे दहा थेंब. शेजारच्या नळीत बॅटरीचं पाणी, त्यातही दहा थेंब. एक निळसर झाली, दुसरी लालसर-जांभळी राहिली. "सर, आधी पाण्याला तर इचारा," एवढंच बोललात. मग पहिल्या नळीवर, जिच्याशी बाकीच्या ताडून पाहायच्या, कागद चिकटवून लिहिलंत, 'साक्षीदार'. एका पोरीने वहीत त्या नळीचा निकाल खोडून 'चुकलं' लिहिलं होतं. तिच्याकडून तो शब्द पुसून घेतलात आणि तिथे 'बोअर' लिहायला सांगितलंत. मामा, बाकी सगळं एखाद्या पुस्तकात सापडलंही असतं. तो एक शब्द बदलून घ्यायचं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

दोष बोअरच्या पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांचा होता. ते पाणी मुळातच किंचित आम्लारीधर्मी. उकळलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, भांड्याला पांढरा थर धरतो आणि पाण्याचा आम्लारीपणा वाढतो. म्हणजे 'अजून उकळा' हा सल्ला रोगच वाढवत होता. शिवाय हे पाणी ताक-चिंचेसारख्या सौम्य आम्लाचा काही भाग स्वतःच खाऊन टाकतं. उन्हाळ्यात बोअर खोल गेलेल्या इथल्या किती शाळांत याच कारणाने पोरांना 'जमत नाही' म्हटलं गेलं असेल!

तुम्ही हाताने करून दाखवलंत ते इथे लिहून ठेवतो, दुसऱ्या शाळांच्या कामी येईल. लाल जास्वंदीची दहा फुलं, हिरवा देठ आणि मधला पिवळा तुरा काढून. पाकळ्या फाडून १०० मिली गरम पाण्यात पंधरा मिनिटं झाकून ठेवायच्या; तळाला बुडबुडे दिसले की आच बंद, कारण खळखळ उकळीत रंग मरतो. पाणी बॅटरीत भरायचंच, डिस्टिल्ड, म्हणजे क्षार नसलेलं. त्याच दुकानात ॲसिडही मिळतं, तेव्हा बाटली वाचून घ्यावी. पाऊस लागल्यावर, पहिली सर जाऊ देऊन भांड्यात थेट धरलेलं पावसाचं पाणीही चालतं. नळ्या शेवटी याच पाण्याने विसळायच्या, नाहीतर साबणाचा अंश रंग बिघडवतो. ताक घुसळून घ्यायचं नाही, वरची निवळ घ्यायची, पांढऱ्यात गुलाबी हरवतो. अंबाडीचा पाला ठेचून त्याचं पाणी घेतलं की गुलाबी छान उठतो. अंबाडी जास्वंदीच्याच कुळातली, हे पोरांना फार आवडलं. चुन्याच्या निवळीतला हिरवा थोड्या वेळाने पिवळा पडतो, म्हणून निकाल मिनिटाच्या आत लिहायचा. अर्क फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो, पुढे आंबून आपणच लाल होऊ लागतो.

हळदीचंही तुम्ही नेमकं सांगितलंत: साबण, धुण्याचा सोडा, चुना यांनी ती तांबडी होते, पण लिंबात आणि साध्या पाण्यात पिवळीच राहते, म्हणून तिला आम्ल विचारू नये. हळदीच्या कागदी पट्ट्या सावलीत वाळवायच्या. आणि संडास साफ करायचं ॲसिड व ब्लीच एका टेबलावर ठेवूच दिलं नाहीत, एकत्र झाले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच तर रंगच खाऊन टाकतं, त्याची परीक्षा फुलाने होत नाही.

पदाने मोठी माणसं हात झटकून गेली आणि तुम्ही गुडघे टेकून पोरांच्या उंचीला बसलात. गावं अशा माणसांवर चालतात, त्यांची नावं कुठल्या फलकावर नसतात.

बाटलीत अर्धं पाणी शिल्लक आहे. जूनमध्ये जांभळं आली की त्यांच्या सालीचा अर्क काढायचा आहे. 'साक्षीदार'चा कागद नळीवर तसाच ठेवलाय, तुमच्या अक्षरातला.

आपले,
जि. प. शाळेतील विज्ञान शिक्षक