एआर-15साठी म्हणून विकलेली .450 बुशमास्टर काडतुसे सदोष असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मागच्या आठवड्यात आपण फोनवर माझ्याशी मराठीत बोललात, म्हणून हे पत्रही मराठीतच लिहीत आहे. "आमची काडतुसे तपासून बाहेर पडतात, तुमच्या रायफलीतच बिघाड असणार," असे सांगून आपण विषय मिटवलात. माझ्या दृष्टीने तो मिटलेला नाही.

मी मिशिगनच्या दक्षिण भागात राहतो. इथे हरणाच्या शिकारीला सरसकट कोणतीही रायफल चालत नाही. 2014 पासून सरळ भिंतीचे (पुढे खांद्यासारखे निमुळते न होणारे), .35 किंवा त्याहून मोठ्या कॅलिबरचे (म्हणजे गोळीच्या व्यासाचे) आणि 1.16 ते 1.80 इंच लांब केसचे (म्हणजे धातूच्या कवचाचे) काडतूस चालते. .450 बुशमास्टरची केस 1.70 इंचांची, म्हणून माझ्यासारखे असंख्य शिकारी तेच वापरतात. आपल्या डब्यावर ठळक अक्षरांत 'एआर-15 सेमी-ऑटोसाठी', म्हणजे पुढचे काडतूस आपोआप चढवणाऱ्या रायफलीसाठी, असे छापले आहे. त्या ओळीवर विसंबूनच मी हा माल घेतला.

नोव्हेंबरच्या हंगामात एक नर हरीण अगदी टप्प्यात आडवे उभे राहिले. मी चाप ओढला आणि नुसता 'टक्' असा आवाज झाला. बार उशिराने उडू शकतो, म्हणून नळी सुरक्षित दिशेला रोखून तसाच थांबलो. तोवर हरीण निघून गेले, त्याचे दुःख नाही. पण बाहेर काढलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या बुडाच्या टोपीवर, पिनचा जेमतेम ओरखडा होता. पुढे रेंजवर त्याच डब्यातल्या काडतुसांनी पुन्हा पुन्हा हेच केले. त्याच रायफलीत, त्याच मॅगझिनमधून (काडतुसांच्या पेटीतून) दुसऱ्या कंपनीची काडतुसे एकदाही अडली नाहीत. मग बिघाड रायफलीत कसा?

मी व्हर्नियरने मोजमाप केले. .450 बुशमास्टर चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या पोकळीत) टेकते ते केसच्या तोंडावर. त्याला खांदा नाही, आणि मागची कडा केसपेक्षा लहान असल्याने तिचाही आधार नाही. केसच्या तोंडाचा व्यास 0.480 इंच आणि गोळीचा 0.452, म्हणजे टेकायला चहूबाजूंनी जेमतेम चौदा हजारांश इंचाची कड मिळते. आपल्या काडतुसांत ही कड गोळीच्या खाचेत आत वळवली आहे. काहींचे तोंड मला 0.465च्या आसपास मिळाले. कड उरली नाही की काडतूस चेंबरमध्ये गरजेपेक्षा पुढे सरकते, बोल्टपासून (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागापासून) दुरावते आणि पिनचा ठोका निसटता बसतो. उडालेच, तर ते एक्स्ट्रॅक्टरने (रिकामी केस ओढून काढणाऱ्या आकड्याने) मागे धरून ठेवले म्हणून. तो ताण झेलणे हे एक्स्ट्रॅक्टरचे काम नव्हे.

फोनवर आपण म्हणालात की मॅगझिनमधून चढताना धक्क्याने गोळी आत दबू नये म्हणून तोंड घट्ट वळवले आहे. गोळी आत दबली की दाब वाढतो, हे खरेच आहे. पण या काडतुसात गोळी धरून ठेवायची ती केसच्या पकडीने, आणि तोंड फक्त हलके निमुळते दाबायचे. रिव्हॉल्व्हरचे काडतूस सहसा मागच्या रुंद कडेवर टेकते, म्हणून तिथे तोंड वळवलेले चालते. इथे चालत नाही.

दुसरा दोष लांबीचा. एआर-15च्या मॅगझिनमुळे पूर्ण काडतुसाची कमाल लांबी 2.26 इंच ठरलेली आहे. या काडतुसाचे मूळ रचनाकार टिम लेजेंडर यांच्या काडतुसाची केस हॉर्नाडी या दारूगोळा कंपनीने थोडी आखूड केली ती याचसाठी, की 250 ग्रेन (सुमारे 16 ग्रॅम) वजनाची टोकदार गोळी त्या लांबीत बसावी. इतक्या विचाराने बेतलेल्या मापात आपली काही काडतुसे मॅगझिनच्या पुढच्या भिंतीला घासतात आणि वर येताना अडकतात. हे आपल्या तपासणीत कसे दिसले नाही, याचे उत्तर आपल्याच बोलण्यात सापडले: तपासणी बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर वेळी हाताने काडतूस चढवण्याच्या, रायफलीत होते. तिथे हाताने बोल्ट रेटून काडतूस बसवता येते, मॅगझिनही ऐसपैस असू शकते. सेमी-ऑटोमध्ये सगळे काम गॅस आणि स्प्रिंगवर चालते. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये तपासायचे आणि डब्यावर 'सेमी-ऑटोसाठी' छापायचे, ही सरळ फसवणूक आहे.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. या काडतुसाचा कमाल दाब 38,500 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), एआर-15मधल्या नेहमीच्या .223 रेमिंग्टन काडतुसाचा 55,000. आकडा लहान दिसतो, पण केसचा बूड 0.376 ऐवजी 0.500 इंच रुंद असल्याने बोल्टवर मागे येणारा जोर उलट जास्त असतो, ढोबळ हिशेबाने जवळजवळ पाव पटीने. शिवाय मोठी कडा सामावण्यासाठी बोल्टच्या तोंडाची भिंत कोरून पातळ केलेली असते. अशा रायफलीत मापाची हयगय माणसाच्या चेहऱ्याजवळ घडते. आणि शिकारीच्या बाजूने सांगायचे तर, पहिल्या गोळीने नुसते जखमी झालेल्या जनावरावर दुसरी गोळी वेळेत उडाली नाही, तर ते तडफडत राहते. मला ते कदापि मान्य नाही.

आपल्या प्रतिनिधीने '.458 सोकॉम (एआर-15साठीचे दुसरे मोठे काडतूस) घ्या, ते साध्या मॅगझिनमध्ये चालते' असा सल्ला दिला. ते खांदा असलेले काडतूस आहे, माझ्या भागातल्या सरळ भिंतीच्या नियमात बसत नाही. मिशिगनमधल्या ग्राहकाला असा सल्ला देण्याआधी एवढे तरी पाहायला हवे होते.

माझी मागणी अशी: पूर्ण किंमत परत करावी. या लॉटची विक्री थांबवून विकत घेतलेल्यांना कळवावे. पुढचा माल प्रत्यक्ष एआर-15मध्ये, एकेरी रांगेच्या मॅगझिनमधून तपासल्याशिवाय डब्यावर ती ओळ छापू नये. केसच्या तोंडाचा व्यास आणि काडतुसाची एकूण लांबी यांची आपली मापे मला लेखी द्यावीत.

डबा, लॉट क्रमांकाचे फोटो, पावती आणि न उडालेली काडतुसे मी वेगळी ठेवली आहेत. अमेरिकी टपालाने दारूगोळा पाठवता येत नाही. त्यामुळे तपासणीसाठी ती हवी असल्यास परवानगी असलेल्या वाहतूकदाराची व्यवस्था आपल्या खर्चाने करावी आणि तारीख आधी कळवावी.

आपला,
एक ग्राहक