पूर ओसरल्यावर तिसऱ्या आठवड्यात कोण येते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ येऊ लागला की वडोदऱ्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पुराविषयी आपल्या दैनिकात वाचकांची पत्रे प्रसिद्ध होऊ लागतात. नदीच्या पात्रातील बांधकामे, तुंबणारे नाले, आजव्याच्या जलाशयातून सोडले जाणारे पाणी, हे सारे विषय महत्त्वाचेच आहेत आणि त्यांवर जाणकारांनी लिहिलेही आहे. पाणी उतरल्यानंतर एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरात जी लहानसहान कामे मागे उरतात, ती कोणी करायची, हा प्रश्न मात्र त्या पत्रांत कोठे आढळत नाही. मलाही तो वडोदऱ्यात चाळीस वर्षे राहून सुचला नव्हता. तो सुचला न्यूझीलंडमध्ये, दोन परक्या तरुणांमुळे.

27 जानेवारी 2023 रोजी ऑकलंड शहरात अतिवृष्टी होऊन मोठा पूर आला, तेव्हा मी तेथे माझ्या मुलीकडे होते. तिच्या भाड्याच्या घराच्या मागील दोन खोल्यांत गुडघाभर पाणी शिरले. रात्रीतून पाणी ओसरले, पण जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेले कार्पेट भिजून इतके जड झाले होते की मुलगी, जावई आणि मी मिळून त्याचा एक कोपराही उचलू शकत नव्हतो. तिसऱ्या दिवशी दोन मुले दारात आली. साधे कामाचे कपडे, हातांत मोजे आणि छातीवर काळी नावपट्टी. एक अमेरिकेतील आयडाहो राज्यातील शेतकऱ्याचा मुलगा होता, दुसरा टोंगा बेटांवरचा. दोघेही विशीच्या आतले. आम्हाला मदत हवी आहे का, असे त्यांनी विचारलेच नाही. दारातूनच आत नजर टाकून त्यांनी विचारले, "हे कार्पेट कुठे नेऊन ठेवायचे?"

ही मुले म्हणजे, ज्यांना जग मॉर्मन म्हणून ओळखते, त्या पंथाचे मिशनरी होते. त्यांच्या चर्चचे पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे असून, तेच वापरावे असा आग्रह चर्चने 2018 पासून धरला आहे. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेल्या या चर्चचे मुख्यालय आज युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे, आणि त्याचे 70 हजारांहून अधिक मिशनरी जगभर काम करतात. मुलगा अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षांसाठी जातो. मुलींचा काळ दीड वर्षाचा असतो. कोणत्या देशात जायचे हे त्यांना निवडता येत नाही. पगार मिळत नाही. उलट अमेरिकेसारख्या देशांतील मिशनरीला 2020 पासून दरमहा 500 डॉलर स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खिशातून भरावे लागतात. आयडाहोच्या मुलाने त्यासाठी शाळेत असल्यापासून शेतावर मजुरी करून पैसे साठवले होते.

पुढे तीन महिने ही मुले दर आठवड्याला येत राहिली, त्यामुळे त्यांचा दिनक्रम मला जवळून पाहता आला. सकाळी साडेसहाला उठायचे, व्यायाम आणि वाचन करून बाहेर पडायचे, रात्री साडेदहाला दिवे मालवायचे. सोबती चर्चने नेमून दिलेला असतो आणि त्याला सोडून एकट्याने कोठे जायचे नाही, असा दंडक आहे. एकमेकांना ते पहिल्या नावाने हाक मारत नाहीत. 'एल्डर' या शब्दापुढे आडनाव लावून बोलतात. आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, कपडे धुणे, किराणा आणणे आणि घरी फोन करणे. पूर्वी घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला असे. फेब्रुवारी 2019 पासून ती दर आठवड्याची झाली. मंगळवारी टोंगाच्या मुलाचा चेहरा पाहिला की आदल्या दिवशी आईशी बोलणे झाले आहे, हे मला शिक्षिकेच्या सवयीने ओळखू येई.

मी घरी एकटी असले तर ती मुले आत येत नसत, कारण तसा त्यांचा नियम होता. अंगणातच थांबून ती गाळ भरून बाहेर टाकत, कुंपणाच्या फळ्या ठोकत, गवत कापत. पहिल्या दिवशी मी आले घालून चहा केला, तर त्यांनी हात जोडून नको म्हटले. चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू त्यांच्या धर्मात वर्ज्य आहेत. मग मी लिंबाचे सरबत करू लागले. महिन्यातील पहिल्या रविवारी ती दोन वेळचे जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात, हे कळल्यावर मला फार आपलेपणा वाटला.

आता ज्या मुद्द्यावर वाचकांच्या मनात शंका येईल, तो स्पष्टपणे मांडते. ही मुले आपल्या धर्माचा प्रसार करण्यासाठीच घरून निघालेली असतात. इतरांनी आपल्या चर्चमध्ये यावे अशी त्यांची इच्छा असते आणि ती ते लपवीत नाहीत. आपल्याकडे धर्मांतर हा कायद्याचा आणि भावनेचाही विषय आहे, आणि सेवेच्या बदल्यात श्रद्धा मागितली जाऊ नये, असे माझेही ठाम मत आहे. त्या मुलांनी मला एकदा त्यांच्या ग्रंथाविषयी विचारले. मी विठ्ठलाची भक्त आहे आणि मला दुसरीकडे जायचे नाही, असे मी सांगितले. त्यानंतर तो विषय निघाला नाही, आणि पुढच्या मंगळवारी ती मुले फावडे घेऊन पुन्हा हजर होती. माझा नकार ऐकल्यानंतरही ती आली, म्हणून मी हे पत्र लिहिते आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या इमारतीच्या तळमजल्यात शिरले, तेव्हा मी वडोदऱ्यात होते. त्या आठवड्यात आपल्या शहराने जे केले त्याचा मला अभिमान आहे. खिचडीची पातेली, पाण्याच्या बाटल्या, औषधे, कशाचीही कमतरता पडली नाही. ओळखदेख नसलेले तरुण कमरेइतक्या पाण्यातून, त्या पाण्यात मगरी असू शकतात हे ठाऊक असूनही, वृद्धांना खांद्यावर घेऊन बाहेर काढत होते. पाणी ओसरले आणि हळूहळू सारे आपापल्या कामाला लागले. आमच्या तळमजल्यावर एक्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ एकटे राहतात. त्यांचे दोन्ही मुलगे कॅनडात आहेत. जिन्यात भेटले तेव्हा मी त्यांना दोनदा म्हणाले, "काका, काही लागलं तर सांगा." दोन्ही वेळा त्यांनी उत्तर दिले, "सगळं ठीक आहे, बाई." अकराव्या दिवशी एक पत्र द्यायला मी त्यांच्या घरात गेले, तेव्हा कळले की कापसाची गादी भिजून कुजू लागली होती, ती त्यांना एकट्याने उचलता येत नव्हती आणि ते रोज रात्री लाकडी खुर्चीत बसून झोपत होते. इमारतीतील दोन महाविद्यालयीन मुलांना बोलावले. वीस मिनिटांत गादी बाहेर गेली.

'काही लागलं तर सांगा' हे वाक्य आपण सगळेच मनापासून म्हणतो, मात्र मागण्याचे ओझे त्यामुळे समोरच्यावर जाते. आणि आयुष्यभर इतरांना देत आलेल्या माणसाला म्हातारपणी मागणे किती जड जाते, याचा विचार मी केला नव्हता. 'हे कार्पेट कुठे नेऊन ठेवायचे?' या प्रश्नात ते ओझे नव्हते. हे शिकायला परदेशातच जायला हवे होते असेही नाही. गाडगेबाबा गावात शिरताच खराटा हाती घेत, रस्ते झाडून काढीत आणि कीर्तन रात्री करीत. गाव झाडायचे आहे का, असे ते कोणाला विचारत बसले नाहीत.

म्हणून वडोदऱ्यातील मराठी मंडळांना आणि गणेशोत्सव मंडळांना माझी विनंती आहे की, उत्सवाच्या दहा दिवसांत रात्रीचा दिवस करणाऱ्या तरुणांकडून वर्षभर आठवड्यातला फक्त एक तास मागावा. दोघांनी मिळून जावे, कारण त्यात वृद्धांची आणि तरुणांचीही सुरक्षितता आहे. घर ठरलेले असावे, वार आणि वेळ ठरलेली असावी. गॅसचे सिलिंडर बदलणे, माळ्यावरचे सामान काढणे, औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचून दाखवणे, नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला मोबाइलवरून भरून देणे, अशी ही कामे आहेत. छायाचित्रे काढू नयेत, पावतीपुस्तक बरोबर नेऊ नये, कोणत्याही पंथाचा किंवा पक्षाचा विषय काढू नये. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांना दोन वर्षांत 240 तास सेवा करावी लागते. त्यांतले काही तास या घरांसाठी देता येतील का, याचा महाविद्यालयांनीही विचार करावा. हे सारे पावसाळ्यापूर्वी सुरू व्हायला हवे. दाराशी ओळख आधीच झालेली असली, तर पुराच्या वेळी कोणाच्या घरात काय भिजले असेल हे त्या मुलांना न सांगता कळेल.

आमच्या इमारतीत हे सुरू झाले आहे. तीच दोन मुले दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता तीन घरांत जातात. परीक्षेच्या काळात त्यांचे दोन गुरुवार चुकले, तेव्हा त्यांनी आदल्या दिवशी तसे कळवले होते. तळमजल्यावरचे काका कितीतरी आठवडे त्यांना "आज काही काम नाही" असेच सांगून परत पाठवीत. मुले तरीही दहा मिनिटे बसून मगच निघत. गेल्या गुरुवारी ती दारात आली तेव्हा काकांनी स्वतःहून सांगितले की, माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायची आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, वडोदरा