अश्विनीला, रेनडिअरबद्दल

ट्रॉन्डहाइम, नॉर्वे
ऑक्टोबर

प्रिय अश्विनी,
सप्रेम नमस्कार.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना माझा नमस्कार सांग आणि जिने चढायची घाई करू नका म्हणावं.

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, ‘जगात रेनडिअर लाखांनी आहेत, मग त्यांच्या जनुकांची एवढी काळजी कशाला?’ दिवसभर गुरं तपासणाऱ्या डॉक्टरला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी लाखांचं बोलू. कॅनडातला बॅथर्स्ट नावाचा कॅरिबूंचा कळप १९८६ मध्ये ४,७०,००० चा होता. २०१८ मध्ये उरले ८,२००. कॅरिबू आणि रेनडिअर ही एकच जात, हे तुला ठाऊक आहेच. पण ती आतून एकसारखी नाही. साधारण २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं, तेव्हा काही कळप अमेरिकेतल्या बर्फाच्या दक्षिणेला अडकले आणि काही वर अलास्का-सायबेरियाकडे राहिले. बर्फ हटल्यावर दोन्ही शाखा कॅनडात पुन्हा भेटल्या, आणि आजही मायटोकॉन्ड्रियल डीएनएमध्ये (फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएमध्ये) ती जुनी ताटातूट दिसते. तिथल्या डेने या आदिवासी समाजाचे जाणते लोक डोंगरातला, जंगलातला आणि उघड्या टुंड्रातला कॅरिबू पिढ्यान्‌पिढ्या वेगळे ओळखतात. लेंड्यांवरच्या पातळ थरातून डीएनए काढून तपासला, तर निकाल त्यांच्या म्हणण्याशी जुळला. हे वाचलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

आता स्वालबार्ड. उत्तर ध्रुवाच्या वाटेवरचा हा नॉर्वेचा द्वीपसमूह. तिथला रेनडिअर आखूड पायांचा, गोल अंगाचा, दाट केसांचा. काही हजार वर्षांपूर्वी तो समुद्रावरच्या बर्फावरून तिथे पोचला आणि तिथलाच होऊन गेला. मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांच्या मानानं त्याचं जनुकीय वैविध्य फारच कमी आहे. त्यात शिकाऱ्यांनी त्याचा जवळजवळ फडशा पाडला. १९२५ मध्ये बंदी आली तेव्हा मोजक्या कोपऱ्यांत थोडे उरले होते. आज सुमारे २२,००० आहेत.

१९७८ मध्ये तिथल्या आद्वेंटडालेन खोऱ्यातून काही रेनडिअर उचलून नी-ओलेसुंडजवळच्या ब्रोगर द्वीपकल्पावर सोडले. त्यांतले १२ जगले. आपण कॉलेजात शिकलो त्या हिशेबानं या बारांच्या वंशात इनब्रीडिंगनं, म्हणजे जवळच्या नात्यातल्या संकरानं, कहर करायला हवा होता. पण पुढे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, तपासले, तेव्हा माणसानं नेऊन सोडलेल्या कळपांचं वैविध्य मूळ कळपाच्या जवळपास निघालं. उलट जे कळप आपसूक, थोड्याथोडक्यांतून पसरले होते, त्यांच्यात इनब्रीडिंग जास्त. असं का? तर ब्रोगरवर वर्षानुवर्षं कुणी न खाल्लेला चारा होता, लांडगा नव्हता, आणि पंधरा वर्षांत कळप साडेतीनशेपर्यंत गेला. म्हणजे कळप लहान असण्याचा काळच थोडक्यात आटोपला. (१९९३-९४ च्या हिवाळ्यात मात्र बर्फावर पाऊस पडला, वर कडक थर जमला, खालचा चारा खुरांनी उकरता येईना, आणि तोच कळप शंभराच्या खाली आला.) म्हणून किती उरले हे सांगून भागत नाही गं. किती पिढ्या थोडकेच राहिले, हेही सांगावं लागतं.

आणि इथे दक्षिण नॉर्वेच्या डोंगरांत नेमकं तेच चाललंय. डोव्रेच्या पठारावर अजून दगडी खड्ड्यांचे जुने सापळे दिसतात. रेनडिअर ज्या वाटेनं जायचे त्याच वाटेवर लोकांनी ते खणले, त्यामुळे कळप कुठून कुठे जात हे आजही कळतं. १९०९ मध्ये बर्गनची रेल्वे आली, १९२१ मध्ये डोव्रेची. मग रस्ते, धरणं, सुट्टीची घरं. आता जंगली रेनडिअरचे दोन डझनांच्या आसपास तुकडे झालेत. त्यांतले डोव्रेकडचे स्नोहेट्टा आणि रोन्दाने हे तर शेजारी. जुना जंगली वंश याच भागात टिकलाय, इतर बऱ्याच ठिकाणी पाळीव कळपांची सरमिसळ झाली. पण मधल्या रेल्वे-रस्त्यामुळे एका बाजूचा नर दुसऱ्या बाजूला पोचत नाही, आणि दोन्हीकडची जनुकं हळूहळू वेगळी होत चाललीत. स्वालबार्डच्या रेनडिअरला एकटं राहायला शिकायला हजारो वर्षं मिळाली. यांना शंभर.

आता तुझ्या विषयाकडे येते. २०१६ मध्ये नॉर्दफ्येलाच्या डोंगरात एका रेनडिअरमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना झिजवून मारणारा रोग सापडला. युरोपातला तो पहिलाच. मेंढ्यांची स्क्रेपी आठवते ना? तसाच हा प्रायॉनचा, म्हणजे घडी बिघडलेल्या प्रथिनाचा रोग, औषध नाही, आणि प्रायॉन मातीतही टिकून राहतो. शेवटी सरकारनं तिथला उत्तरेकडचा अख्खा कळप मारला, दोन हजारांहून जास्त जनावरं. बाधित निघाली १९. मेलेल्यांची तपासणी केली तेव्हा दिसलं, की प्रायॉन प्रथिनाच्या जनुकाची काही रूपं असलेल्यांना लागण होण्याचा धोका जास्त होता. म्हणजे कुणाच्या अंगात कोणतं रूप आहे यावर जगणं-मरणं ठरू शकतं, आणि लहान तुटक्या कळपातून अशी रूपं नुसत्या योगायोगानंही नाहीशी होतात.

पेच असा, की तो कळप तुटलेला होता म्हणूनच रोग तिथे कोंडून मारता येईल अशी आशा होती. वाटा मोकळ्या केल्या तर जनुकांबरोबर प्रायॉनही चालत जातील. इथले बरेच जण म्हणतात, आहे ते अडथळे राहू द्या. मला ते पटत नाही. २०२० मध्ये नॉर्दफ्येलाच्या दक्षिणेकडच्या हार्डांगरविड्डा पठारावरही रोग सापडलाच, बर्गनचा रेल्वेमार्ग मध्ये असताना. रोग आहे तिथे कडक बंदोबस्त हवा, याला माझी ना नाही. पण डोव्रेत तो सापडलेला नाही. तिथे रेल्वेवरून आणि रस्त्यावरून कळपांना पलीकडे जाता येईल अशी सोय आत्ताच व्हायला हवी, कारण एकदा गेलेलं जनुकाचं रूप परत आणायला दुसरा कळपच उरणार नाही.

तू प्राण्यांच्या साथी प्रत्यक्ष हाताळल्यास, मी बहुतेक नमुने आणि आकडेच पाहते. नॉर्दफ्येलाचा निर्णय तुझ्या हातात असता, तर अख्खा कळप मारला असतास का? मोकळेपणानं लिही, मला पटलं नाही तर भांडेन.

तुझीच,
मीनल