आईच्या झोपेच्या गोळ्यांबद्दल

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी सांगलीहून निघण्याआधी मी तुमच्या फोनमधला, चिठ्ठीशिवाय आईच्या झोपेच्या गोळ्या ऑनलाइन विकणाऱ्या त्या माणसाचा नंबर ब्लॉक केला. न विचारता केलं. तुम्हाला राग येणार, पण आता तो परत सुरू करायचा नाही. तुम्ही हे का सुरू केलंत ते मला कळतं. आई रात्र रात्र कूस बदलते, मिरजेला डॉक्टरांकडे नंबर लावून बसायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि त्यात तुमचे गुडघे. तुमच्या जागी कुणीही सोपी वाट धरली असती.

पण आईची ही गोळी, अल्प्राझोलाम, शेड्यूल एच-वनमधली, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या सरकारी यादीतली आहे. डॉक्टरांची चिठ्ठी पाहूनच ती द्यायची, पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, एवढं बंधन दुकानदारावर आहे. वर १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदाही तिला लागू होतो. तो नुसता विकणाऱ्यासाठी नाही. नियमाबाहेर गोळ्या जवळ सापडल्या तर अगदी थोड्यांसाठीही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तुमच्यावर कुणी केस करेल असं मी म्हणत नाही, घाबरू नका. पण आयुष्यभर कुणाचा एक पैसा न घेतलेला माणूस चौकीत जबाब देत बसलेला मला बघवणार नाही.

सगळे ऑनलाइनवाले तसे नसतात, हे खरं. काही जण चिठ्ठी मागतात, पक्कं बिल देतात. तरी त्यांचे स्वतंत्र नियम २०१८ च्या मसुद्यापाशीच अडलेत, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन औषधविक्रीला मनाई केली. तुमच्या माणसाकडे तर परवाना नाही, बिल नाही. स्ट्रिपवरचा बॅच नंबरही खरवडलेला होता. आत काय भरलंय कोण सांगणार?

आणि त्याच्याकडे आपला पत्ता गेलाय. उद्या कुणी व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात ‘तुमचं ड्रग्जचं पार्सल पकडलंय, डिजिटल अरेस्ट’ म्हणालं, तर फोन ठेवा. असली अटक कायद्यात नाही. पैसे पाठवायचे नाहीत, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि मग मला.

यापुढे सगळं घरपोच होईल. कोपऱ्यावरचे मेडिकलवाले काका चिठ्ठीप्रमाणे महिन्याची औषधं आणून देतील, पैसे मी इकडून भरेन. तुम्हाला जिना उतरावा लागणार नाही.

आई, तुझी झोप मी काढून घेत नाहीये गं. मला खोकला झाला की तू रात्रभर मांडीवर घेऊन थोपटायचीस, तुझा हात थांबला की मी जागी व्हायचे. आणि बाबा, २०१९ च्या पुरात तुम्ही फायली सोडून आधी आईचा औषधाचा डबा वर नेलात. तुमची काळजी कमी पडली असं मी कधीच म्हणणार नाही.

आता ऐका. आईने गोळी एकदम बंद करायची नाही, झटके येऊ शकतात. डॉक्टरांशी मी बोलले आहे, उद्या दहाला बोलावलंय, दादा गाडी घेऊन येईल. गोळी बदलायची की हळूहळू कमी करायची, ते डॉक्टर ठरवतील. उरलेल्या सगळ्या स्ट्रिप फाइलसोबत पिशवीत ठेवा आणि त्यांना दाखवा. शेजारच्या काकूंनी मागितली तरी एकही गोळी द्यायची नाही. आणि बाबा, न्याहारी करूनच निघा, शुगरची गोळी विसरू नका.

तुमची,
छोटी