चेंडूची ती एक फेक लेखात यायला हवी होती

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी बेसबॉलपटांवरचा लेख वाचला. जुन्या काळाचे गोडवे गाणारे रडके सिनेमे, असा त्याचा एकूण सूर. मला तो अजिबात पटला नाही. शाळेत मुलींना सॉफ्टबॉल शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हा खेळ बेसबॉलच्याच घरातला, त्यामुळे या सिनेमांत मला आधी खेळाडू दिसतात.

‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ (१९८९) मध्ये आयोवातला शेतकरी मक्याचं उभं पीक मोडून मैदान करतो आणि १९१९ च्या लाचखोरी प्रकरणात कायमची बंदी आलेले खेळाडू मरणानंतर तिथे खेळायला येतात. लेखात एवढंच आहे. सिनेमातल्या डॉक्टर ग्रॅहम यांचं नावही नाही! हे गृहस्थ खरोखर होऊन गेले. १९०५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाकडून एकच सामना खेळले, तोही क्षेत्ररक्षणापुरता. बॅटिंगची पाळी काही आली नाही. पुढे मिनेसोटातल्या चिझम गावी ते डॉक्टर झाले. सिनेमात त्यांना ती पाळी मिळते. जिल्ह्याच्या संघात निवड झाली आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं, अशा मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना या प्रसंगाला रडका म्हणून दाखवा.

‘अ लीग ऑफ देअर ओन’ (१९९२) तर मला तोंडपाठ आहे. पुरुष युद्धावर गेले म्हणून १९४३ मध्ये अमेरिकेत बायकांची व्यावसायिक लीग सुरू झाली, ती १९५४ पर्यंत चालली. त्यांना आखूड स्कर्टमध्ये खेळावं लागे. मुरमाच्या मैदानावर घसरत जाऊन स्लाइड मारली की ट्रॅक पँट असूनही आमच्या मुलींचे गुडघे सोलवटायचे, संध्याकाळी हळद लावत बसायच्या. उघड्या मांडीवर ती स्लाइड कशी बसत असेल, हे सिनेमातला काळानिळा डाग बघून कळतं. शेवटी त्या लीगमधल्या खऱ्या खेळाडू, आता म्हाताऱ्या झालेल्या, पुन्हा खेळताना दिसतात. तिथे मला दरवेळी भरून येतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

लेखकाचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. मक्यातून येणारे सगळे खेळाडू गोरेच. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू येईपर्यंत मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल स्पर्धेची, दारं काळ्या खेळाडूंना बंद होती आणि हा सिनेमा त्यावर गप्प राहतो. पण म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. ‘अ लीग ऑफ देअर ओन’मध्ये मैदानाबाहेर गेलेला चेंडू एक काळी बाई उचलते आणि समोर उभ्या नायिकेला ओलांडून थेट लांबच्या खेळाडूकडे फेकते. झेलणारीचा हात झणझणतो. काही सेकंदांचं दृश्य, एकही वाक्य नाही, पण या लीगनं कुणाला आत घेतलं नाही ते लख्ख कळतं. अशीच एक खेळाडू, टोनी स्टोन, १९५३ मध्ये काळ्या खेळाडूंच्या लीगमध्ये इंडियानापोलिस क्लाउन्स या संघाकडून पुरुषांबरोबर खेळली.

लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचं छापलं आहे. त्यात टोनी स्टोनवर चार ओळी तरी याव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, जळगाव