ताप नाही म्हणजे काही नाही, असं नसतं

ती. बाबा आणि आई यांना सा. नमस्कार.

बाबा, "थर्मामीटर ९८ दाखवतोय, मला काही झालेलं नाही," असं परवा तुम्ही म्हणालात. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

तुमच्या वयात तापावर भरवसा ठेवता येत नाही. ताप काही जंतू चढवत नाहीत. आपल्याच पेशी रसायनं सोडतात, त्यावरून मेंदू अंग तापवतो, आणि उतारवयात हे सगळं मंदावतं. न्यूमोनिया असूनही अंग गार लागू शकतं. त्याऐवजी अन्नावरची वासना उडते, माणूस झोपाळतो, तोल जातो, कधी असंबद्ध बोलतो. आई, यांनी चहा अर्धा टाकला आणि आज वार कोणता हेही सांगता येईना, तर 'वय झालं' म्हणून सोडू नकोस. त्याच दिवशी दवाखान्यात ने.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, तिथे लढाईला तयार होतात. माणूस वयात आल्यापासून ही ग्रंथी आक्रसत जाते, तिच्या जागी चरबी साठते. सत्तरीत नव्या टी पेशी फार थोड्या उरतात. जुन्या, ओळखीच्या जंतूंचा समाचार घेणाऱ्या असतात, पण अनोळखी विषाणू आला की उशीर होतो. शिवाय पेशी कितीही वेळा विभागत नाहीत. लिओनार्ड हेफ्लिक या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवलं की प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात. शरीरातल्या अशा थांबलेल्या काही पेशी मरतही नाहीत. निवृत्त झाल्यावरही रोज ऑफिसात येऊन सगळ्यांच्या फायलींत नाक खुपसणाऱ्या साहेबासारख्या बसून राहतात (बाबा, तुमच्याबद्दल नाही), दाह वाढवणारी रसायनं सोडत. मग लढाई उशिरा सुरू होते आणि वेळेवर आवरतही नाही. त्यात फुप्फुसालाच इजा होते.

आता तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओतल्या फिसेटिनच्या (फळांत सापडणाऱ्या एका रसायनाच्या) गोळ्यांबद्दल. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात अशा थांबलेल्या पेशी मारणारी औषधं दिल्यावर करोना कुळातल्या विषाणूने कमी उंदीर दगावले, त्यात फिसेटिनही होतं. पण ते म्हातारे उंदीर होते, बाबा. बीपीच्या गोळ्यांबरोबर मनानेच काही सुरू करू नका.

लशी मात्र घ्यायच्याच. फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तशी. आणि दोघांनाही नागिणीची. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबून असतो. टी पेशींचा पहारा ढिला पडला की तोच नागीण होऊन उठतो. नव्या लशीत सुस्तावलेल्या पेशींना डिवचणारा घटक मुद्दाम घातलेला आहे, म्हणून चाचण्यांत सत्तरीपुढच्यांनाही जवळपास ९० टक्के संरक्षण मिळालं. दंड दोन-तीन दिवस ठणकेल, कणकण वाटेल. दुसरा डोस दोन ते सहा महिन्यांत.

महाग आहे, पण पैसे मी भरणार, त्यावर चर्चा नको. लशीसाठी शनिवारी अकराची वेळ घेतली आहे. आई, यांचे साखरेचे रिपोर्ट बरोबर ने.

तुमची,
ताई